चौतीस माणसांची कंपनी

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला 'कम्प्युटर नेटवर्क्स' होतं. लॅबमध्ये खरे राउटर दोनच, तेही कपाटात कुलूपबंद. बाकी सगळं पॅकेट ट्रेसर नावाच्या सिस्कोच्या सॉफ्टवेअरवर. स्क्रीनवर राउटरची चित्रं ओढून आणायची, वायरी जोडायच्या, आणि एकदाचा पिंग पोचला की शेजारच्याला टाळी द्यायची. त्या लॅबमध्ये सरांनी एक गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एक नवरा-बायको होते. तो एका इमारतीत काम करायचा, ती दुसऱ्या. दोन्ही इमारतींची नेटवर्कं वेगळी, त्यामुळे एकमेकांना ईमेल पाठवता येईना. म्हणून त्यांनी राउटर बनवला आणि सिस्को कंपनी काढली. मागच्या बाकांवरून "ओहोऽऽ" असा आवाज आला आणि विषय संपला.

सरांनी गोष्टीचा शेवट सांगितला नव्हता. तो मला बऱ्याच वर्षांनी कळला, नोकरीतल्या एका वाईट आठवड्यात. त्या बायकोला त्याच कंपनीतून काढून टाकलं गेलं. ते कळल्यावर नवऱ्यानं राजीनामा दिला. आणि कंपनी तोट्यात होती म्हणून हे झालं नाही. कंपनी तेव्हा धो-धो पैसे कमवत होती.

हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात आधी त्या बाईची बाजू घ्यावीशी वाटली. नंतर लक्षात आलं, की या गोष्टीत मी तिच्या बाजूला बसतच नाही. मी कुठे बसतो ते शेवटी सांगतो. आधी गोष्ट.

गोष्टीतली वगळलेली माणसं

सँडी लर्नर आणि लेन बोसॅक. दोघं स्टॅनफर्डमध्ये शिकायला आले, तिथे भेटले, १९८० मध्ये लग्न केलं. शिक्षणानंतर तो कम्प्युटर सायन्स विभागाचे कम्प्युटर सांभाळायला लागला, ती बिझनेस स्कूलचे. इथपर्यंत सरांची गोष्ट बरोबर आहे.

पण राउटर काही दोघांनी प्रेमापोटी एका रात्रीत बनवलेला नव्हता. तेव्हा स्टॅनफर्डमध्ये वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या जातीचे कम्प्युटर होते आणि त्यांच्या भाषाही वेगळ्या. या सगळ्यांच्या मध्ये एक असा डबा हवा होता, जो पोस्टातल्या माणसासारखा प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचेल आणि ते योग्य दिशेला पुढे ढकलेल. मेडिकल स्कूलमधल्या बिल येगर या इंजिनीअरनं त्याचं सॉफ्टवेअर लिहिलं. हार्डवेअरचा बोर्ड अँडी बेक्टोल्शाइम या विद्यार्थ्यानं आखलेल्या कामातून आला. हाच पुढे सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांपैकी एक झाला. बोसॅक, कर्क लॉहीड आणि इतरांनी त्यावर आणखी काम केलं. विद्यापीठभर हे डबे बसले. त्यांना 'ब्लू बॉक्स' म्हणायचे.

डिसेंबर १९८४ मध्ये नवरा-बायकोंनी सिस्को काढली. नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या शेपटावरून घेतलं, आणि लोगोत गोल्डन गेट पूल. घरातल्या दिवाणखान्यात जुळणी चालायची. घर गहाण टाकलं, क्रेडिट कार्डं वापरून संपवली. पैसे येत राहावेत म्हणून सँडी काही काळ दुसरीकडे नोकरी करत होती.

मग विद्यापीठानं विचारलं, की जे विकताय ते कुणाचं आहे? सॉफ्टवेअर आणि बोर्ड विद्यापीठात, विद्यापीठाच्या पगारावर तयार झाले होते. जुलै १९८६ मध्ये बोसॅक आणि लॉहीड यांना स्टॅनफर्ड सोडावं लागलं. फौजदारी तक्रार करायची का, इथपर्यंत विचार झाला होता. शेवटी १९८७ मध्ये तडजोड झाली. १९,३०० डॉलर रोख आणि दीड लाख डॉलर रॉयल्टी घेऊन विद्यापीठानं सॉफ्टवेअरचा आणि दोन बोर्डांचा परवाना सिस्कोला दिला. विद्यापीठाच्या खरेदीवर सवलत, हीही एक अट होती.

हा भाग मी मुद्दाम सांगतोय. स्टार्टअपच्या गोष्टीत 'फाउंडर' हा शब्द आपण फार पटकन वापरतो. सिस्कोच्या गोष्टीतून आधी येगरसारखी माणसं वगळली गेली. पुढे वगळायची पाळी खुद्द फाउंडरांची आली.

पैसा येतो, त्याबरोबर काय येतं

सिस्कोकडे विक्रीची टीम नव्हती, जाहिरात नव्हती. तरी विद्यापीठं आणि संशोधन संस्था ईमेलवरून ऑर्डर द्यायच्या. महिन्याला काही लाख डॉलरचा माल जात होता, आणि तोही नफ्यात. फक्त वाढायला भांडवल नव्हतं. दोघं एकामागून एक गुंतवणूकदारांकडे गेले. सत्तरहून जास्त जणांनी नकार दिला. हो म्हणाला तो सिकोया कॅपिटलचा डॉन व्हॅलेंटाइन. अटारी आणि अ‍ॅपल या दोन्ही कंपन्यांत त्यानं सुरुवातीच्या काळात पैसे घातले होते.

१९८७ मध्ये सिकोयानं २५ लाख डॉलर दिले आणि कंपनीचा जवळपास तिसरा हिस्सा घेतला. पण आकड्यापेक्षा महत्त्वाची होती कामांची वाटणी. व्हॅलेंटाइननं पुढे सांगितलंय, की त्यानं तीन गोष्टी करायचं कबूल केलं होतं. पैसा आणायचा, कंपनी चालवणारी माणसं शोधायची, आणि कारभाराची घडी बसवायची. म्हणजे कंपनी कोण चालवणार हे ठरवायचं काम त्या दिवसापासून नवरा-बायकोंकडे उरलं नाही.

इथे मी वाचताना थांबलो होतो. आपल्याला वाटतं, फाउंडरला काढतात तो दिवस म्हणजे ती शेवटची मीटिंग, बंद दार, एचआरची फाइल. सिस्कोच्या बाबतीत तो दिवस तीन वर्षं आधीच येऊन गेला होता, आणि त्या दिवशी सगळे आनंदात असणार. सत्तर नकारांनंतर कुणीतरी हो म्हणालं होतं.

पहिला बाहेरचा सीईओ फार टिकला नाही. १९८८ मध्ये जॉन मॉर्ग्रिज आला. वय पन्नाशीच्या पुढे. वीस वर्षं हनीवेलमध्ये, मग स्ट्रेटस कम्प्युटरमध्ये, मग ग्रिड सिस्टिम्स या लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीत. तो आला तेव्हा सिस्कोत ३४ माणसं होती आणि विक्री होती ५० लाख डॉलरच्या आसपास.

मॉर्ग्रिज खलनायक नव्हता. काटकसरी माणूस. सीईओ असून विमानात साध्या वर्गात बसायचा, आणि इतरांनीही बसावं अशी अपेक्षा करायचा. त्यानं विक्रीची फळी उभारली, हिशेबाची शिस्त आणली, वरच्या जागांवर अनुभवी माणसं घेतली. जुलै १९८९ ला संपलेल्या वर्षात विक्री २.७७ कोटी डॉलर झाली. पुढच्या वर्षी जवळपास ७ कोटी, आणि त्यात १ कोटी ३९ लाख निव्वळ नफा. मधे, १६ फेब्रुवारी १९९० ला, १८ डॉलर भावानं कंपनीचा आयपीओ आला.

नफा आणि नफ्याचा अंदाज

आता प्रश्न असा, की सगळं इतकं छान चाललं होतं तर भांडण कशाचं होतं?

मला जे उत्तर सापडलं ते असं. नफा होणं ही एक गोष्ट आहे आणि पुढच्या तिमाहीत किती नफा होईल हे आज सांगता येणं ही दुसरी. सिस्को पहिल्यात सुरुवातीपासून चांगली होती. दुसरी गोष्ट आयपीओनंतर लागते. शेअर बाजाराला दर तीन महिन्यांनी आकडा द्यावा लागतो, आणि तो द्यायचा तर कंपनी कालच्यासारखीच उद्या वागेल याची खात्री हवी. कुठल्या ग्राहकाला काय कबूल केलंय हे कागदावर हवं. एका माणसाच्या डोक्यात असून चालत नाही.

सँडी ग्राहकसेवेची प्रमुख होती. ग्राहक आणि कंपनी यांच्यात वाद झाला, की ती ग्राहकाच्या बाजूनं भांडायची, आपल्याच मॅनेजरांशी, तेही आवाज चढवून. तिचा तापटपणा सगळ्याच हकिकतींत येतो. ३४ माणसांच्या कंपनीत हा गुण असतो. ग्राहकाचा फोन थेट मालकिणीला जातो आणि मालकीण इंजिनीअरच्या डोक्यावर उभी राहते. दुरुस्ती त्याच रात्री होते. शेकडो माणसांच्या कंपनीत तोच गुण दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ ठरतो. माणूस तोच, बोलणं तेच. आजूबाजूची माणसं दसपट झालेली असतात.

ऑगस्ट १९९० मध्ये सात वरिष्ठ अधिकारी एकत्र येऊन व्हॅलेंटाइनकडे गेले. म्हणणं थोडक्यात एवढंच, की ती तरी राहील नाहीतर आम्ही. २८ ऑगस्टला सँडीला काढण्यात आलं. बोसॅक तिच्यापाठोपाठ बाहेर पडला. विक्री अडीच पटीनं वाढलेलं आर्थिक वर्ष संपून महिनासुद्धा झाला नव्हता.

दोघांनी आपले शेअर विकले, सुमारे १७ कोटी डॉलरला, आणि त्यातला मोठा हिस्सा दान केला. ते शेअर ठेवले असते तर काय झालं असतं याचं गणित इंटरनेटवर बरेच जण मांडत असतात. मला त्यात रस नाही. त्यांचं लग्नही पुढे टिकलं नाही. सँडीनं १९९० च्या दशकातच इंग्लंडमधल्या चॉटन गावी जेन ऑस्टिनच्या भावाचा वाडा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेतला, आणि तिथे जुन्या काळातल्या, बहुतेक विस्मरणात गेलेल्या लेखिकांच्या पुस्तकांचं ग्रंथालय उभं केलं. अर्बन डिके ही मेकअपची कंपनीही तिनं सुरू केली. वगळल्या गेलेल्या बायकांची पुस्तकं एका छताखाली आणणाऱ्या या बाईचं नाव राउटर वापरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, असं माझ्या मनात येतं.

माणूस गेला, सवय राहिली

मॉर्ग्रिज सीईओ म्हणून पायउतार झाला तोवर विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेली होती आणि ३४ माणसांची जवळजवळ २,२५० झाली होती. जानेवारी १९९५ मध्ये त्यानं खुर्ची जॉन चेंबर्सकडे दिली. चेंबर्स आयबीएम आणि वँग या कंपन्यांत वाढलेला विक्रीचा माणूस. त्याच्या काळात सिस्कोची ओळख काय होती? ग्राहकाचं ऐकणारी कंपनी. ग्राहक किती समाधानी आहे यावर मॅनेजरांच्या मिळकतीचा काही भाग ठरायचा. मार्च २००० मध्ये सिस्को काही काळ जगातली सगळ्यात जास्त बाजारमूल्याची कंपनी झाली.

म्हणजे ज्या कारणावरून सँडी भांडायची, तेच पुढे कंपनीचं धोरण झालं. फरक इतकाच, की तिच्याकडे तो राग होता आणि चेंबर्सकडे तो फॉर्म झाला, ज्यात एक ते पाच गुण द्यायचे असतात. रागाला टार्गेट देता येत नाही, फॉर्मला देता येतं. नफ्यात स्थिरावणारी कंपनी बहुधा हेच करते. फाउंडरचा स्वभाव उकळून त्याची पद्धत बनवते. पद्धत तयार झाली की स्वभाव अडचणीचा वाटायला लागतो.

पद्धतीनं सगळं दिसतं असंही नाही. २००१ मध्ये बाजार कोसळला. सिस्कोनं मागणीचे अंदाज बांधून भरून ठेवलेला माल पडून राहिला. दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा साठा हिशेबातून काढून टाकावा लागला आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अंदाज बांधता यावा म्हणूनच तर इतकी घडी बसवली होती.

याच सुमाराला, त्याच विद्यापीठातून निघालेल्या दुसऱ्या एका जोडीची गोष्ट वेगळी वळली. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांच्या गूगलमध्ये १९९९ साली अडीच कोटी डॉलर आले, त्यातले निम्मे सिकोयाचे. इथेही गुंतवणूकदारांचा आग्रह होता, की बाहेरून अनुभवी सीईओ आणा. २००१ मध्ये एरिक श्मिट आला. त्याच वर्षी गूगलनं पहिल्यांदा वर्षभराचा नफा दाखवला. पण इथे कुणाला बाहेर जावं लागलं नाही. तिघांनी मिळून कारभार केला, आणि २००४ च्या आयपीओत फाउंडरांच्या एका शेअरला दहा मतं ठेवली गेली. २०११ मध्ये पेज परत सीईओ झाला. पेज आणि ब्रिन स्वभावानं सँडीपेक्षा गोड होते का, मला माहीत नाही. त्यांच्या शेअरमागे दहा मतं होती, हे मात्र कागदावर आहे.

आता माझी जागा

वर म्हटलं तो वाईट आठवडा असा होता.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो तेव्हा आम्ही वीसेक जण होतो. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. शेतकरी दूध आणतो, वजन होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ मोजतं, आणि आमचं अ‍ॅप दर लावून पावती काढतं. आमच्या फाउंडरनं हे सगळं स्वतः केंद्रांवर बसून शिकून घेतलं होतं. पहाटे पाचला एखाद्या सेक्रेटरीचा फोन यायचा, की मशीन आणि अ‍ॅप जुळत नाही, बाहेर रांग लागलीये. तो गाडी काढून जायचा आणि जाताना आम्हाला उठवायचा. फोनवर शब्द देऊन टाकायचा, "उद्या सकाळपर्यंत करून देतो." मग ती रात्र आमची.

पहिली दोन वर्षं मला याचं कौतुक होतं. नंतर गुंतवणूक आली, साठ जण झालो, आणि मला त्याचा राग यायला लागला. आम्ही पंधरा दिवसांचं काम आखायचो आणि तो तिसऱ्या दिवशी येऊन उलटंपालटं करायचा. एकदा सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. चूक माझी होती, पण ओरडणं जास्त लक्षात राहिलं.

मग नवे सीईओ आले. शांत, नीटनेटके. त्यांनी एकेकाला बोलावून विचारलं, "तुझ्या कामात सगळ्यात मोठा अडथळा कोणता?" मी क्षणभर थांबलो आणि फाउंडरचं नाव घेतलं. उदाहरणंही दिली, तारखांसकट. इंजिनीअर आहे, लॉग ठेवायची सवय. नंतर कळलं, की आम्हा सहा टीम लीडपैकी पाच जणांनी तेच नाव घेतलं होतं. तीन महिन्यांनी केक कापून निरोप झाला. त्यानं माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, "त्या रेट चार्टचा बग सुटला का?"

मी खोटं बोललो नव्हतो. आजही कुणी तेच विचारलं तर बहुधा तेच उत्तर देईन. पुढच्या वर्षी कंपनी नफ्यात आली, पगार वेळेवर व्हायला लागले, आणि रात्री मी झोपायला लागलो. यातलं काहीच वाईट नाही. पण सिस्कोची गोष्ट वाचताना त्या सात अधिकाऱ्यांपाशी आलो आणि मला माझी खुर्ची दिसली. इतिहासानं त्यांना 'सात' या आकड्यात गुंडाळून ठेवलंय. त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे काहीतरी खरं कारण असेल, एखादी बिघडलेली रात्र असेल, सगळ्यांसमोर झालेला अपमान असेल. सात खऱ्या तक्रारी एकत्र आल्या आणि त्यांचा एक निर्णय झाला. तो निर्णय कुणा एकाचा नव्हता, म्हणून कदाचित कुणा एकाला झोपेतून उठवतही नसेल.

मला जे टोचतं ते हे नाही, की तो गेला. कंपनी वाढली की ती चालवायला बहुतेकदा दुसरं माणूस लागतं. हे मी आता जवळून पाहिलंय. टोचतं ते त्यानंतरचं. आमच्याकडे नियम आहे, की नवा इंजिनीअर आला की पहिला आठवडा त्यानं एखाद्या संकलन केंद्रावर काढायचा, पहाटे पाचला हजर राहायचं. हे आता जॉइनिंगच्या कागदांत 'कंपनीची मूल्यं' या मथळ्याखाली छापलेलं आहे. त्याखाली कुणाचंही नाव नाही.

गेल्या महिन्यात एका नव्या मुलीला मी संगमनेरकडच्या एका केंद्रावर घेऊन गेलो. अंधार होता, किटल्या घेऊन माणसं उभी होती. सेक्रेटरींनी चहा दिला आणि मला विचारलं, "ते आधीचे सर येत नाहीत का आता?" मी म्हटलं, "नाही, त्यांनी कंपनी सोडली." परतताना गाडीत तिनं विचारलं, "कोण सर? आणि का सोडली?"

नारायणगाव येईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. ही आठवडाभर केंद्रावर बसायची पद्धत कुणाची आहे ते, तो किती ओरडायचा ते, आणि सीईओंनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं बहुतेक."

मी म्हटलं, "हो. पण सांगितलंस की लक्षात ठेव."